रुसलेल्या सुनेचा पत्ता

गोदातीरी नित्य वास करणाऱ्या प्रभू रामचंद्राला आणि ज्याच्या स्मरणावाचून माझी लेखणी कधी कागदाला टेकली नाही त्या विघ्नहर्त्याला वंदन करून हे चार शब्द लिहितो. आमच्या शेजारीण शेवंताआक्का यांच्या पहिल्या पुण्यतिथीला त्यांच्या मुलांनी आठवणींची छोटी पुस्तिका काढायचे ठरवले आणि "गुरुजी, तुम्ही लिहिल्याशिवाय आम्ही छापखान्याची पायरी चढणार नाही" असा प्रेमळ धाक घातला. ज्यांनी आक्कांना कधी पाहिले नाही, त्यांनाही त्या थोड्याफार दिसाव्यात एवढीच या लेखनामागची इच्छा आहे.

आक्कांच्या घरी गुलाबाचे मळे होते आणि फुलबाजारात गाळा होता. परंतु पंचक्रोशीत त्या ओळखल्या जात त्या लग्ने जुळवणाऱ्या म्हणून. कोणी स्थळ घेऊन आले की त्या मांडी घालून शांतपणे सगळे ऐकून घेत. मुलाची नोकरी, द्राक्षाची बाग, वडिलांचा मान, सगळे झाले की मग त्यांचा ठरलेला प्रश्न येई. "ते ऱ्हाऊ द्या. त्या घरची रुसलेली सून कुठं हाय?"

समोरचा गडबडून म्हणे, "आक्का, त्या घरात कोणी रुसलेले नाही."

"मग घर नीट बघितलं नाय तुम्ही. परत जाऊन या."

त्यांचे म्हणणे असे, की सुखी सुना पुढे करून कोणीही दाखवतो. रुसून माहेरी गेलेलीला जाऊन भेटावे. ती का रुसली, आणि रुसल्यावर घरचे तिच्याशी कसे वागले, हे कळले की घर कळले. मालेगावकडच्या एका यंत्रमागवाल्याच्या स्थळाची अशीच चौकशी करायला त्या गेल्या. थोरली सून टीव्हीवरून रुसून माहेरी बसली होती, आणि सासू दर आठवड्याला पुरणपोळीचा डबा घेऊन तिची समजूत काढायला येत होती. आक्कांनी परत येऊन निकाल दिला, "जी सासू डबा घेऊन येती, तिच्या घरी पोरगी डोळे मिटून द्या." ती मुलगी आज तिथे सुखाने नांदते आहे.

मी त्या काळी शाळेत संस्कृत शिकवीत असे. नव्वदीच्या दशकात माझ्या उजव्या हाताला एक विचित्र व्याधी जडली. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की थोड्याच वेळात तो जड होई, बोटे पांढरी पडत, आणि खडू आपोआप खाली पडे. हात खाली सोडला की पुन्हा जीव येई. मानेचे मणके झिजले असतील म्हणून मी काही महिने गळ्यात पट्टा बांधून वर्गात गेलो. पुढे एका वृद्ध डॉक्टरांनी माझ्या मनगटावर बोट ठेवून हात वर करायला सांगितला. नाडी लागेनाशी झाली. फोटो काढला तेव्हा मानेच्या मुळाशी एक जास्तीची बरगडी दिसली. हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिनी त्या बरगडीपाशी चेपल्या जात होत्या. या दुखण्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात असे त्यांनी सांगितले.

मी हे नाव आक्कांना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे घर मोठं हाय, पण दारातच कुणीतरी खाट टाकलीय." याहून चांगला अर्थ मला पुढे एकाही डॉक्टराने सांगितला नाही.

आधी व्यायाम झाले. ते मी नेमाने केले. तरी अंगठ्याच्या बुडाचे मांस झडू लागले. रक्तवाहिनी अशीच चेपत राहिली तर तिच्यात गुठळी होऊन हात गमवावा लागेल, म्हणून शस्त्रक्रिया करावी, असे ठरले. पण कोणाकडे? कोणी म्हणे हाडांचा डॉक्टर, कोणी म्हणे मेंदू-नसांचा, कोणी म्हणे छातीचा. त्या अरुंद जागेत नसा इतक्या दाटीने असतात, की चुकीच्या हातात पडलो तर दुखण्यापेक्षा उपायच जड जायचा. ज्या हाताने पूजा करायची आणि फळ्यावर लिहायचे, तोच हात पणाला लागला होता. आमच्या सौभाग्यवतींनी देव पाण्यात ठेवले.

आक्का मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या. "वहिनी, रडायचं काय त्यात? स्थळ बघायचं तसा डॉक्टर बघायचा. चला गुरुजी."

पहिले स्थळ नाशकातलेच निघाले. डॉक्टर तरुण, देखणे आणि अत्यंत नम्र होते. त्यांनी आक्कांसाठी स्वतः खुर्ची पुढे केली. आजोळ कळवणचे, हे कळताच आक्कांनी त्यांच्या मामाचे घर कोणत्या आळीत आहे इथपर्यंत ओळख काढली. डॉक्टरांनी माझा हात हळुवारपणे तपासला आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करू म्हणाले. मी मनोमन होकार देऊन टाकला. आक्कांचा चेहरा तर मांडवात उभ्या असलेल्या वधूमातेसारखा फुलला होता. परंतु सवय सुटत नाही. उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे असलं आपरेशन केलेले तुमचे जुने पेशंट कुठं भेटतील?"

डॉक्टर हसले. "खरं सांगू आक्का? पित्ताशयाचे, हर्नियाचे म्हणाल तितके दाखवीन. याचे नाहीत. पण शिकताना पाहिलंय, जमेल मला."

"बरं. तुमच्या सख्ख्या भावाचा हात असता तर?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "मुंबईला माझे सर आहेत. त्यांच्याकडे नेला असता."

जिना उतरताना आक्का चिडलेल्या होत्या. "असा जावई शोधून मिळत नाय, गुरुजी! आणि नेमका हाच म्हणतो मला करू नका!" मग पायरीवर थांबून त्या वर पाहत म्हणाल्या, "पर लय सरळ पोरगा. याच्यासाठी मुलगी बघते आता." आणि त्यांनी खरोखरच पाहिली.

मुंबईचे डॉक्टर सर्वच बाबतीत उलटे होते. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, समोर चहाचा अर्धा कप, आणि "बसा" म्हणायची पद्धतच नाही. आम्ही आपण होऊन बसलो. त्यांनी माझा फोटो उजेडाला धरला, हात वर-खाली केला, अंगठ्याचे मांस दाबून पाहिले आणि "करायला हवं" एवढेच म्हणाले. त्यांच्याकडे दर महिन्याला असा एखादा रुग्ण येतोच, हे आक्कांनी बाहेर कंपाउंडरकडून आधीच काढून घेतले होते.

"साहेब, यात वाईट काय होऊ शकतं?" आक्कांनी विचारले.

"बाई, तुम्ही पेशंट आहात का?"

"मी शेजारीण हाय. आमच्याकडं तेवढं पुरतं."

डॉक्टरांनी कप बाजूला सारला आणि एकेक सांगितले. फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकते. रक्तस्राव होऊ शकतो. नस दुखावली तर हात आहे त्याहून दुबळा होऊ शकतो. दुखणे पूर्ण न जाण्याचीही शक्यता असते. ते पुढे म्हणाले, "एका बाईंचा हात माझ्याकडून बिघडलाय. तो पूर्ण उघडत नाही."

मी उठायच्या बेतात होतो. आक्का मात्र पुढे सरकून बसल्या. "त्या बाईंना भेटायचंय आम्हाला."

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले. "बरे झालेले पुष्कळ आहेत. त्यांना भेटा की."

"ते भेटतीलच. आधी ह्या."

"त्यांना विचारतो," डॉक्टर म्हणाले. "त्या हो म्हणाल्या तरच पत्ता देईन."

त्या हो म्हणाल्या. पत्ता निघाला देवळ्याचा! मुंबईला जाऊन आम्ही आमच्याच जिल्ह्यातली बाई शोधून काढली, याचे आक्कांना पुढे कितीतरी दिवस हसू येत होते.

देवळ्याला कांदे साठवायच्या चाळीमागे त्यांचे घर होते. बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी ओट्यावर घोंगडी अंथरली आणि आपला उजवा हात सरळ आमच्यापुढे धरला. बोटे अर्धी मिटलेली. "असाच उघडस," त्या अहिराणी वळणाने म्हणाल्या. "भाकरी थापता येत नाय. चहा ओतता येतो."

आक्कांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "डॉक्टरनं काय सांगितलं नंतर?"

"दुसऱ्या दिवशी खाटेशी येऊन बसला. म्हणे, मावशी, नस माझ्या हातून ओढली गेली, दोष माझा शे. मी लय बोलले त्याला. नको नको ते बोलले. ऐकून घेतलं. मग व्यायामाला बोलवायचा, नाय गेलं तर फोन करायचा. मी फोन आपटायची."

"आणि आता?"

बाईंनी अंगणाकडे मान वळवली. तिथे एक तरुणी उंच दोरीवरचे कपडे काढीत होती. "ती माझी भावजय. हेच दुखणं तिला निघालं. घरचे म्हणे, दुसरीकडं न्या. मी म्हटलं, नाय. ह्याच्याकडंच. ज्याला आपली चूक ठाऊक शे तो पुन्हा जपून हात घालील. मीच घेऊन गेले."

ती भावजय दोन्ही हात वर करून, चिमटे काढीत, साड्या खांद्यावर टाकीत दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मध्ये एकदाही तिने हात खाली घेतला नाही. परस्त्रीकडे असे टक लावून पाहणे माझ्या संस्कारात बसत नाही. परंतु त्या दिवशी मी पाहत राहिलो. हात वर धरता येणे ही किती मोठी श्रीमंती आहे, हे ज्याचा हात पडतो त्यालाच कळते.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "आक्का, आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तिथे जाऊ."

"मी?" त्या खिडकीकडे सरकल्या. "गुरुजी, शोध मी घेते, घर चांगलं-वाईट सांगते. होकार कधी देत नाय. आजवर एका मुलीच्या वतीनं 'हो' म्हटलं नाय. हात तुमचा हाय, तुमीच बोला."

"पण तो माणूस किती रुक्ष! आणि ते हळुवार डॉक्टर घराजवळचे."

"म्हणून तर तुमीच बोला."

मला त्यांचा राग आला. इतकी धावाधाव केली आणि ऐन वेळी अंग काढून घेतले, असे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी संध्येला बसलो. अर्घ्यासाठी ओंजळ उचलली, तर उजवा हात कलला आणि पाणी बाजूनेच गळून गेले. सूर्यनारायणापर्यंत काही पोचले नाही. रिकाम्या ओंजळीकडे पाहत बसलो असताना माझ्या ध्यानात आले, की मला गोड शब्द हवे होते, आणि माझ्या हाताला जाणता हात हवा होता. संध्या पूर्ण केली, उठलो आणि कोणाला न विचारता मुंबईला फोन लावला. मग आक्कांना सांगायला गेलो. त्या गुलाबाच्या जुड्या बांधीत होत्या. "बरं झालं," एवढेच म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. तेव्हा कळले की त्याही घाबरलेल्या होत्या.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. बाहेर येऊन डॉक्टर "बरगडी काढली, नाडी चांगली आहे" म्हणाले आणि चालू लागले. आक्कांनी त्यांना अडवले. "साहेब, तुमचं लगीन झालंय?"

"दोन मुलं आहेत मला, बाई."

"मग त्यांचं?"

"शाळेत आहेत अजून."

"थांबते मी," आक्का म्हणाल्या, आणि त्या रुक्ष माणसाला हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

अंगठ्याचे झडलेले मांस पुरते भरून आले नाही. ते येणार नाही असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. परंतु पुढच्या वर्षी मी पुन्हा फळ्यावर लिहू लागलो आणि निवृत्त होईपर्यंत लिहीत राहिलो.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आक्कांच्या नातीचे लग्न निघाले. तेव्हा त्या फार थकल्या होत्या. मांडवात त्यांना खुर्चीत बसवले होते. मंगलाष्टके मी म्हणावीत असा त्यांचा आग्रह होता. शेवटचे कडवे झाले, वाजंत्री वाजली, अंतरपाट बाजूला झाला, आणि मी उजवा हात पूर्ण वर नेऊन वधूवरांवर अक्षता टाकल्या. सगळा मांडव नवरीकडे पाहत होता. आक्का माझ्या हाताकडे पाहत होत्या. तो खाली येईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, फारसा त्रास न होता, त्या रामचरणी लीन झाल्या.

वाचकहो, त्याच हाताने हे लिहिले आणि त्याच हाताने, दुरून का होईना, आपल्या मस्तकावर अक्षता टाकतो आहे. आपल्या घरी आरोग्य नांदो, मुलाबाळांचे कल्याण होवो, आणि संकटाच्या वेळी पदर खोचून उभी राहणारी अशी एखादी शेजारीण प्रत्येक उंबरठ्याला लाभो. शुभं भवतु.