वाढत्या अंगाचे इंग्रजी

“वाढतं अंग आहे, असू द्या,” असे म्हणून ते गळ्यातली टेप दोन्ही हातांनी खाली ओढत. सिडकोतल्या आमच्या गल्लीतले हे शिंपी. त्यांच्याकडून कपडा अंगाबरोबर शिवून मिळालेला मनुष्य आपल्यापैकी कोणी पाहिला असल्यास कृपया कळवावे. माझा ब्लाउज सैल झाला तेव्हाही हेच उत्तर आले. त्या वर्षी मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त होत होते.

एकदा ते विद्यार्थी होऊन आले. कॅनडातली सात वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर “हाय आजोबा” म्हणे आणि पळून जाई.

“मॅडम, ती दोन मिनिटं थांबेल एवढंच शिकवा. पुस्तकातलं नको, पोरं बोलतात तसलं.”

मी शिकवले. चूक झाली तर ‘माय बॅड’, समोरचा ओशाळला तर ‘नो वरीज’, कोणी उतावीळ झाला तर ‘चिल’. नियम एकच सांगितला: प्रसंग पाहावा आणि एकच शब्दप्रयोग वापरावा.

“एवढ्याशा कापडात भागत नाही, मॅडम.”

परिणामी, “दिवाळीपर्यंत मिळेल ना?” असे गिऱ्हाइकाने विचारताच “चिल, नो वरीज, कूल, गॉट यू” अशी सगळी ठिगळे एकदम लागत. एक वृद्ध गृहस्थ घाबरून कापड परत घेऊन गेले. नातही पूर्वीपेक्षा लवकर पळू लागली.

‘माय बॅड’ मात्र त्यांच्या तोंडी कधी आले नाही. “चूक झालीच नाही, तर वापरू कुठं?”

मग नातीच्या वाढदिवसासाठी शिवलेला फ्रॉक कॅनडात पोचला. कॉलच्या वेळी त्यांनी मला शेजारी बसवून घेतले. ती फ्रॉक घालून उभी होती. बाह्यांतून बोटेही दिसत नव्हती आणि घेर जमीन झाडत होता.

“आजोबा, इट्स टू बिग,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“वाढतं अंग…” ते सवयीने सुरू झाले आणि थांबले. टेप हातातून सुटली. “माय बॅड.”

पुढे एकही ठिगळ नाही.

तिने बाहीनेच डोळे पुसले. “नो वरीज, आजोबा.” मग ती तिथेच फतकल मारून बसली आणि त्यांना पडलेल्या दाताची जागा दाखवू लागली.

कॉल संपल्यावर त्यांनी हळूच विचारले, “बसलं का, मॅडम?”

“अगदी मापात.”

सध्या दुकान बंद आहे. शटरवर त्यांच्या खडूने लिहिले आहे: ‘नातीचं माप घ्यायला गेलो आहे. नो वरीज.’ त्याखाली कोणा गिऱ्हाइकाने लिहिले आहे: ‘माझी पँट?’

त्याखाली मी, प्रसंग पाहून, एकच शब्द लिहिला: ‘चिल.’