पाइकच्या नादाला लागलेली माणसं

पाच हिवाळे आम्ही मासे पकडले आणि एकूण एक परत सोडले. घरी आले ते फक्त किस्से. त्यांना ना फ्रीजर लागतो ना वजनकाटा, त्यामुळे साठतच गेले. आता चार मित्र जमले की एक तरी वर येतोच!

दोन हजार चारच्या सुमाराला मी नॉटिंगहॅमला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो. ऑफिसातला मिलिंद नागपूरचा, पक्का शाकाहारी. त्याची बायको शुभांगी मालवणची. तासाभराच्या ड्राइव्हवर एक प्रचंड रिझर्वॉयर होतं, धरणाचा तलाव, आणि त्यात पाइक. पाइक म्हणजे पार माणसाच्या कमरेपर्यंत लांब वाढणारा हिरवट मासा. जबडा मगरीसारखा, दात सुयांसारखे. तिथल्या भाड्याच्या बोटी सांभाळायचा केन. साठीचा, मोजकं बोलणारा.

पहिल्या दिवशी आम्ही नाजूक रॉड घेऊन गेलो. दहा मिनिटांत माझी दोरी ताठ झाली आणि एकदम सैल! ओढून पाहिलं तर टोक कात्रीने कापल्यासारखं. मिलिंदचंही तेच झालं. केन काठावरून बघत होता. तो आला, खिशातून स्टीलची बारीक तार काढली, गळाच्या वर बांधून दाखवली आणि म्हणाला, "जंटलमेन, तुम्ही पाइक पकडत नाही आहात. त्याला डेंटल फ्लॉस पुरवताय!"

*

मिलिंदची आई नागपूरहून फोनवर.

"पकडता आणि सोडून देता?"

"हो आई, इथे नियमच आहे."

"मग असं सांग ना, भेटायला जाता!"

*

पाइकला आमिष म्हणून अख्खे मॅकरल लावतात. शुभांगी पहिल्यांदा आमच्याबरोबर आली तेव्हा तिने सहज डबा उघडला आणि किंचाळली, "अरे, हे तर बांगडे! एवढे ताजे बांगडे तुम्ही माशाला घालता?"

त्या दिवशी निम्मे बांगडे तिने घरी नेले. पुढच्या रविवारी काठावर डबा उघडला. तिखट, हळद, कोकम लावून रव्यात तळलेले! केनने आधी वास घेतला, मग एक तुकडा, मग दुसरा. मग तिथेच बाकावर बसून अख्खा बांगडा संपवला. काटे नीट ओळीत लावून ठेवले आणि हळहळून म्हणाला, "चाळीस वर्षं मी गळाच्या चुकीच्या टोकाला जेवण वाढत होतो!"

*

मासा खायची गोष्ट सोडा, मिलिंदला तो दुखावलेलाही चालायचा नाही. गळ काढताना प्रत्येक पाइकला म्हणायचा, "सॉरी हं बाळा." हात मात्र सर्जनसारखा!

एका फेब्रुवारीत त्याने एक मोठी मादी काठाजवळ आणली. ती दमून आडवी पडत होती. जवळच्या एका बोटीतून एक माणूस ओरडला, "परत सोड तिला! तुमच्या करीसाठी नाहीये ती!"

माझं डोकं फिरलं. मिलिंदने वर पाहिलंसुद्धा नाही. हातमोजे काढून तो गुडघाभर पाण्यात उतरला, तिचा दम परत येईपर्यंत तिला दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरून उभा राहिला. पाच मिनिटं. दहा. वीस. बोटं लाल होऊन पांढरी पडली. तो माणूस बोट तिथेच थांबवून बघत होता. शेवटी तिने शेपटी हलवली, एकदा मिलिंदच्या पायाला घासली आणि गेली.

तो माणूस काठाला आला. स्वतःचे लोकरी हातमोजे काढून मिलिंदच्या हातात घातले, त्याच्या हातांना जमत नव्हतं म्हणून एकेक बोट करून. मान खाली घालून म्हणाला, "मी घाण बोललो."

मिलिंद म्हणाला, "मासा गेला ना नीट? मग झालं!"

*

पाइकवाल्यांमध्ये वीस पाउंड, म्हणजे नऊ किलो, ही मोठी रेघ. ती ओलांडली की रिझर्वॉयरवरच्या मासेमारी क्लबच्या फळ्यावर नाव लागतं. मिलिंदला तसा मासा लागला. शुभांगीने झोळीत टांगून काटा वाचला, "एकोणीस पाउंड, चौदा औंस."

"अगं, वीसच म्हण ना!"

"एकोणीस, चौदा."

बघणारे इंग्रज मित्रही म्हणाले, दोनच औंसांचा प्रश्न आहे, काटा जुना आहे, लिहून टाका. ही ढिम्म! मासा सोडला, फळा कोराच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात क्लबची मोठी स्पर्धा होती. काट्यावर कोण बसणार यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. या वेळी सेक्रेटरीने सरळ शुभांगीकडे बोट दाखवलं. "ही बाई नवऱ्याला दोन औंस देत नाही. आम्हाला हीच हवी!"

*

एका ऑक्टोबरात शुभांगीचे वडील आले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. माकडटोपी घालून ते माझ्या आणि मिलिंदच्या बोटीत बसले. शुभांगी केनबरोबर काठावर थांबली.

दुपारी अचानक धुकं उतरलं. आधी काठ गेला, मग पाणी, मग बोटीचं दुसरं टोक. आमच्या आसपास आणखी चार बोटी होत्या. सगळे एकमेकांना हाका मारत होते, इंजिनं घुरघुरत होती, एक बोट तर आमच्यावर आदळता आदळता वाचली. मला खरंच भीती वाटली. पाणी इतकं गार की त्यात पडलेला माणूस फार वेळ टिकला नसता.

आबा म्हणाले, "तेंका सांग, आधी तोंडां बंद करा. मशिनांपण."

मी सभ्य इंग्रजीत ओरडून सांगितलं. आश्चर्य म्हणजे सगळे गप्प झाले! आबांनी टोपी कानावरून वर सारली. बराच वेळ काहीच नाही. मग मलाही ऐकू आलं, खूप लांबून, धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडत होतं. बोटी लागायची जेटी त्याच्या डाव्या हाताला.

"वल्ही माका द्या, जावईबापू."

चारही बोटी दोरांनी आमच्यामागे बांधल्या. आबा दोन दमदार हात मारायचे, थांबायचे, ऐकायचे, पुन्हा मारायचे. मागे आठ इंग्रज, हूं की चूं नाही. अर्धा तास गेला असेल. समोरून केनचा घाबरा आवाज आला, "कोण येतंय? वल्ही कोण मारतंय?"

वल्ह्यांचा ठेका ओळखून शुभांगी धुक्यातून ओरडली, अख्ख्या रिझर्वॉयरला ऐकू जाईल अशी.

"माझो बापूस!"