विहिरीच्या कागदासाठी नागपूर, भोपाळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. चहा तोंडात असताना हे ऐकलंत तर ठसका लागेल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल.

तसा मी शहाणा माणूस. निदान बुऱ्हाणपुरात, आमच्या राजपुऱ्यात, तरी तसा समज होता. शाळेत मास्तर. चौथीच्या पोरांना वाचन शिकवायचो. हे वाचन शिकवणं तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवा मध्य प्रदेश होऊन वर्षभर झालं असेल. त्याआधी आमची राजधानी नागपूर, ती झाली भोपाळ. आम्ही होतो तिथेच बसलेलो, राजधानीच उठून गेली. कोणता कागद कुठे गेला, यावर रोज पानटपरीवर नवी बातमी.

आणि नेमका त्याच वेळी मला कागद लागला.

झालं असं की, गावाबाहेर ताप्तीच्या अंगाला आमची चार एकर केळी. शेजारी शांताराम पाटलांचं शेत. शांतारामभाऊ राजपुऱ्यात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. मधोमध विहीर, पण बांधाच्या त्यांच्या बाजूला. आजोबांपासून एका अंगाने त्यांची मोट, दुसऱ्या अंगाने आमची. कधी कोणी कोणाला विचारलं नाही.

त्या वर्षी शांतारामभाऊंनी तेलावर चालणारं इंजिन आणलं. सकाळी फटफट सुरू, दुपारी विहिरीचा तळ उघडा. आमची मोट नुसती चिखल चाटून वर यायची. फाल्गुन लागलेला, केळीची पानं कडेने करपायला लागली. पुढचे दोन महिने पाणी नाही मिळालं तर बाग गेली, एवढं मला मास्तर असूनही कळत होतं.

मी बोलायला गेलो. शांतारामभाऊ बिचारे शांतपणे म्हणाले, "मास्तर, मले तुमच्याशी भांडन नही करनं. पन विहीर माह्या हद्दीत हाय. तुमचा हिस्सा असन तं कागद दाखवा. कागद दाखवला की अर्धं पानी तुमचं."

"आणि नसला तर?"

"नसन तं मंग इंजिन चालू ऱ्हाईन."

तहसिलीत अर्ज दिला. पेशी, म्हणजे सुनावणी, पडली महिन्याने. म्हणजे महिनाभरात कागद हवा.

आता थोडं आमच्या देवघराबद्दल सांगतो. आमच्या देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदेवीच्या टाकाशेजारी एक लाल कापडाचा बस्ता होता. उशीएवढा. वर गाठ, आणि गाठीवर सुपारीएवढा लालभडक गोल. त्या गोलाला रोज हळदकुंकू. ती आमची पोथी. कसली पोथी, ते कोणालाच माहीत नाही. आई नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा आजोबांनी तिला बजावलं होतं, "आंघोळ केल्याशिवाय याला हात लावायचा नाही आणि उघडायचा तर मुळीच नाही." पुढे आजोबा गेले, वडीलही लवकर गेले, पण आईने शब्द मोडला नाही.

आणि पोथी जागृत बरं का! मी मॅट्रिकला बसलो तेव्हा हिला नारळ बोलला होता. बहिणीचं लग्न अडलं होतं, हिच्यासमोर अकरा दिवे लावले, बाराव्या दिवशी होकार. दसऱ्याला सरस्वतीपूजनात माझी शाळेची पुस्तकं खाली आणि बस्ता वर पाटावर. अर्धी गल्ली दर्शनाला यायची. अहो, दुसरं कशाला, शांतारामभाऊंनी इंजिन आणलं त्या दिवशी ते शेतावर नेण्याआधी स्वतः येऊन या बस्त्यापुढे टोपी काढून डोकं टेकवून गेले होते.

तर मी शाळेत सल्ला विचारला. आमचे देशपांडे सर भूगोल शिकवायचे, त्यामुळे कुठे काय असतं हे त्यांनाच माहीत असणार, असा माझा हिशेब. ते म्हणाले, "जुना कागद ना? जुनी राजधानी नागपूर. सरळ नागपूर गाठ."

पटलं की नाही? मला पटलं. बस्त्यापुढे नारळ फोडला, "कागद सापडू दे" म्हणून साकडं घातलं आणि भुसावळमार्गे नागपूर.

तिथे एका मोठ्या कचेरीत एका सज्जन कारकुनाने मला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा जिल्हा आता आमच्याकडे नाही."

"मग कागद?"

"इथे तरी नाही बुवा."

हे ऐकून शहाण्या माणसाने काय करावं? विचारावं, की मग असतो तरी कुठे? मी नाही विचारलं. जुन्या राजधानीत नाही म्हणजे नव्या राजधानीत, हे काय कोणी सांगायला हवं? घरी आलो, दुसरा नारळ फोडला, पुन्हा रजा काढली आणि भोपाळची गाडी पकडली. वाटेत खंडव्याला गाडी बराच वेळ थांबली. मी खाली उतरून निवांत चहा घेतला, भजी खाल्ली. खंडवा म्हणजे आमच्या जिल्ह्याचं ठिकाण. चहा फार छान होता, अजून आठवतो.

भोपाळच्या बाबूंनी विचारलं, "कौन सा मौजा? बंदोबस्त नंबर? खसरा नंबर?"

मी ताठ मानेने आजोबांचं नाव सांगितलं.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "गुरुजी, जमीन आदमी के नाम से नहीं ढूँढते। आदमी बदलते रहते हैं। गाँव और नंबर से ढूँढते हैं। और कागज़ कहीं नहीं गया, आपके ज़िले में ही रखा है। खंडवा।"

म्हणजे जिथे भजी खाल्ली तिथे!

परत आलो तेव्हा पेशीला चार दिवस उरले होते आणि बागेची कडेची एक ओळ मान टाकून बसली होती. नंबर विचारायला पटवाऱ्याला शोधत निघालो. पटवारी कुठे सापडावा? आमच्या मागच्या गल्लीत. बनियनवर दात घासत होता. माझ्या शेताचे सगळे नंबर त्याने तोंडातला ब्रश न काढता सांगितले आणि चूळ भरून म्हणाला, "मास्तरजी, आधी इकडे यायचं ना."

तिसरा नारळ. आई म्हणाली, "या वेळी मनापासून मागणं माग रे. मागच्या दोन वेळा तुझं लक्ष गाडीच्या वेळेकडे होतं." मी कपाळ बस्त्याला लावलं, लाल गोलाचं कुंकू कपाळावर घेतलं आणि खंडव्याला गेलो.

इथे जरा हसणं थांबवा. कारण त्या रेकॉर्डरूममध्ये पाऊल टाकलं आणि मी दारातच चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, हातून आपोआप झालं.

जमिनीपासून थेट छतापर्यंत मांडण्या आणि त्यांवर लाल बस्ते. ओळीने शेकडो. कडुनिंबाच्या सुक्या पाल्याचा आणि कापराचा वास. एकेका बस्त्यात एकेक गाव. मी हात जोडले. आमच्या देवघरात एक, इथे एवढे! मनात म्हटलं, केवढं हे पुण्यवान ऑफिस.

हो, तेव्हाही डोक्यात उजेड पडला नाही.

तिथले रेकॉर्डकीपर तिवारीजी, पांढऱ्या मिशांचे, कमरेत वाकलेले. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "चप्पल पहन लीजिए, बिच्छू निकलते हैं।" मी अर्ज दिला, वर कोर्टफीचं तिकीट चिकटवलेलं. त्यांनी मौज्याचं नाव वाचलं, शिडी सरकवली, चढले आणि वहीत न बघता एक बस्ता काढून आणला. बिडी पेटवून संपेल एवढाही वेळ लागला नाही. महिनाभर मी दोन राजधान्या पालथ्या घातल्या होत्या हो!

बस्ता उघडला. आत आधी कापडावरचा नकाशा, आमच्या गावाचा. मी बघतच राहिलो. आमचं शेत, तो वाकडा बांध, नाल्याचं वळण, सगळं जसंच्या तसं. एका टिंबापुढे लिहिलेलं, चिंच, एक. अहो, त्या चिंचेवर मी लहानपणी चढलोय. ती माझ्या आईच्या लग्नाआधी सरकारदरबारी मांडली गेली होती. आणि त्याखाली आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, वस्ती राजपुरा. आजोबांना मी कधी पाहिलं नाही. घरात त्यांचा फोटो नाही. आणि इथे ते चाळीस वर्षं कोणीतरी पाला घालून, कापूर घालून जपून ठेवलेले. राजे गेले, साहेब गेले, राजधानी गेली, पण आमची चिंच जागेवर होती. माझे डोळे भरून आले. तिवारीजींनी नकाशा माझ्या आसवांपासून जरा लांब सरकवला.

मग त्यांनी दुसरे कागद काढले. "वाजिब-उल-अर्ज," ते म्हणाले. म्हणजे गावाच्या रिवाजांची नोंद. कोणाची वाट कुठून, गुरं कुठे पाण्यावर जाणार, कोणत्या विहिरीत कोणाचा हिस्सा. बोट फिरवत ते थांबले. "ये रहा। आपका आधा पानी।"

मी खुर्चीतून उडालोच. "नकल द्या!"

"आठ दिन।"

"पेशी परवा आहे हो!"

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं, मग एक जाड रजिस्टर काढलं. नकला कोणी कोणी नेल्या त्याचं. बोट पुन्हा थांबलं. "इसकी नकल तो आपके यहाँ पहले से है। आपके दादाजी ले गए थे। ये उनके दस्तख़त।"

"नाही हो, घरात असला काही कागद नाही. मी घर उलथंपालथं केलंय."

"ठीक से देखिए," ते म्हणाले. "उस ज़माने में पूरी नकल ऐसे ही लाल खारवे में बाँधकर देते थे। ऊपर गाँठ। और गाँठ पर लाख की गोल मोहर।"

मग माझा हात आपोआप कपाळावर गेला, आणि बोटाला सकाळचं कुंकू लागलं.

घरी पोचलो तो सरळ देवघराकडे धावलो. आईने दारात अडवलं. "आधी आंघोळ!" केली आंघोळ. काय करणार, आजोबांचा नियम. पण तिने उघडू मात्र दिलं नाही. म्हणाली, "उघडायचंच असेल तर साहेबापुढे उघड. पाप त्याच्या माथी."

पेशीच्या दिवशी आई बस्ता स्वतः धूतवस्त्रात घेऊन आली. तहसीलदारसाहेबांच्या टेबलावर ठेवला. आणि काय सांगू, शांतारामभाऊ पलीकडच्या बाजूने उठले, टोपी काढली आणि सवयीने बस्त्याला डोकं टेकवलं.

साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"पोथी हाय साहेब, मास्तरच्या घरची. फार जागृत."

"मास्तर, कागद कुठे आहे?"

"हाच," मी म्हणालो.

साहेबांच्या शिपायाला कुंकवाचे थर खरवडायला दहा मिनिटं लागली. खालून लाख निघाली, लाखेखालून गाठ सुटली. आत स्वच्छ, ठसठशीत देवनागरी अक्षर. चौथीच्या पोराने वाचावं असं.

साहेब वाचू लागले. विहिरीचं अर्धं पाणी आमचं, दिवसाआड पाळीने. आईने डोळे पुसले. शांतारामभाऊंनी मान डोलावली, "कागद हाय तं हाय. उद्यापासून पाळी."

मी उठलो, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. पुढे आहे." आणि वाचलं: हा हिस्सा या अटीवर, की आमच्या घराण्यातल्या कर्त्या पुरुषाने दर साल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी स्वतः विहिरीत उतरून गाळ काढावा.

माझ्या हयातीत एकदाही कोणी उतरलं नव्हतं. आखाजीला बारा दिवस होते. विहीर सात पुरुष खोल.

बाग वाचली, सांगून टाकतो. पण त्याआधी कमरेला दोर बांधून मी खाली गेलो. गुडघाभर गाळ, डोक्यावर टोपली, वर आभाळाचं एवढंसं वर्तुळ. काठावर आई, पटवारी, देशपांडे सर आणि निम्मा राजपुरा. शांतारामभाऊ स्वतः दोर धरून उभे होते, अगदी शेजारधर्माने. त्यांनी खाली वाकून अगदी आदराने विचारलं,

"मास्तर, शाळेत तुम्ही पोरांले काय शिकवता हो?"