स्टोच्या पोटातला वॉशर

काड्यापेट्यांच्या कारखान्यात हे फिटर होते आणि आमच्याच घरी स्टो पेटत नव्हता. अंबरनाथच्या आमच्या चाळीत यावर जेवढं हसता येईल तेवढं लोक हसून घेत. मला मात्र त्या सकाळी हसू येत नव्हतं. महाशिवरात्र होती, सासूबाई उजाडायच्या आत शिवमंदिराकडे गेल्या होत्या आणि परत आल्यावर त्यांना साबुदाण्याची खिचडी लागणार होती.

कोपऱ्यात चूल होती, नाही असं नाही. पण पितळी पंपाचा स्टो घरात आल्यापासून दोन वर्षं मी तिच्याकडे पाठ फिरवली होती. स्टो आला तेव्हा सासूबाईंनी एकच गोष्ट विचारली होती. त्या कडक सोवळ्याच्या. त्यात चामडं-बिमडं नाही ना, असं त्यांनी विचारलं आणि मी छातीठोकपणे सांगितलं, की सगळं पितळ आहे, देवाच्या भांड्यांसारखं. तेव्हा ते खोटं नव्हतं, नुसतं अज्ञान होतं. खोटं सहा महिन्यांनी सुरू झालं. पंपाचा वॉशर आणायला मी उल्हासनगरच्या कॅम्पात गेले, तर तिथल्या सिंधी दुकानदाराने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "असली चमडा है, बहनजी." मी तो पदराच्या टोकाला बांधून घरी आणला, सासूबाई कीर्तनाला गेल्यावर यांच्याकडून बसवून घेतला आणि तोंडाला कुलूप लावलं. हे कळलं तर स्टो घराबाहेर आणि मी पुन्हा फुंकणी घेऊन चुलीपुढे, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या फुंकणीचा मला मनापासून राग होता.

तर त्या सकाळी मी नेहमीसारखं वाटीत स्पिरिट ओतलं, काडी लावली, बर्नर तापू दिला, किल्ली आवळली आणि पंप मारायला लागले. पिवळी ज्योत एकदा वर आली, भिंतीला काजळी फासून गेली. पिन मारली, पुन्हा तेच. यांना सुट्टी होती. मी म्हटलं, अहो, पंपाचा दांडा बघा, कसा सैल आत-बाहेर होतोय, दाबच बसत नाही. पण फिटरला बायकोने सांगायचं म्हणजे काय! दोष बर्नरचा आहे, असं ठरवून यांनी वर्तमानपत्र पसरलं. बर्नर काढला, निपल काढलं, फुंकलं, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. टाकीतलं रॉकेल फडक्यातून गाळलं. उघडायला दुसरं काही उरलंच नाही तेव्हा पंप उघडला. दांड्याच्या टोकाला तो वॉशर होता, आमसुलासारखा सुकून कडा आत वळलेला. दोष पंपाचा दिसतोय, असं हे मला गंभीरपणे समजावून सांगायला लागले.

तेवढ्यात सासूबाई दारात. जत्रेच्या गर्दीत रांग पुढे सरकेना, म्हणून त्या लांबूनच हात जोडून परत फिरल्या होत्या. मी घाईने वर्तमानपत्र ओढायला गेले, पण यांनी वॉशर दोन बोटांत धरून दाराच्या उजेडाकडेच केला होता. माझं गुपित यांना माहीत होतं, पण समोर काही उघडलेलं असलं की यांना बाकीचं जग आठवत नसे.

सासूबाई लांब उभ्या राहून पाहत होत्या.

"वाळलंय ते," त्या म्हणाल्या. "तेल लाव आणि बोटांनी मळ. कोरडं चामडं हवा कसली धरतंय? वांगणीला आमची विहिरीवरची मोट अशीच वाळायची, मग वडील तिला तेल चोळत बसायचे."

चामडं हा शब्द त्यांच्याच तोंडून आला होता. हे खोबरेलाची बाटली आणायला उठले. मी कसंबसं विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पंपाचं नाव काढलं की तू विषय बदलायला लागलीस, तेव्हापासून."

"मग बोलला नाहीत?"

"बोलले असते तर पाळावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी धुरात बसले. तुला कशाला बसवू?"

वॉशर मऊ झाला, पंपाने दाब धरला आणि निळी ज्योत भरभरायला लागली. मी आनंदाने कढई चढवली. मागे काहीतरी मोडल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर सासूबाई पुन्हा अंघोळ करून चुलीपुढे बसल्या होत्या आणि काटक्या मोडून आत सारत होत्या. मी विचारायच्या आत म्हणाल्या, "आता बोलून बसले ना. माझं मी करून घेईन. तू तिथंच थांब."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दीड वर्ष त्यांना फसवल्याच्या तोऱ्यात मी वावरत होते आणि या बाई माझ्यासाठी गप्प राहून स्टोवरचं जेवत होत्या. मी कढई यांच्या ताब्यात दिली, डोक्यावरून पाणी घेऊन आले आणि ओलेत्यानेच त्यांच्या शेजारी बसले. फुंकणी त्या सोडेनात. शेवटी मी ती ओढूनच घेतली आणि फुंकायला लागले.