सुपरचं मशीन

पेट्रोल पंपावर किस्से साठतात याचं कारण सोपं आहे. टाकी भरेपर्यंत मोटार हलू शकत नाही आणि मोटारवाल्याच्या हाताला काम नसतं. मग तो बोलतो! न्हाव्याच्या दुकानात बोलताना निदान गळ्याजवळच्या वस्तऱ्याची भीती असते. आमच्याकडे तीही नव्हती.

मी त्या वेळी जळगावला, धुळे रस्त्यावरच्या एका पंपाच्या आवारात हवा भरायचो आणि पंक्चर काढायचो. सन सत्तरच्या अलीकडे-पलीकडे असेल. हवा एकाच प्रकारची असल्यामुळे माझ्याकडे कधी वाद झाला नाही. वाद सगळे शेजारी, पेट्रोलवर. कारण त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पंपाच्या मारवाडी शेठजींनी साध्या पेट्रोलच्या मशीनशेजारी सुपरचं दुसरं मशीन बसवलं. लिटरमागे थोडे पैसे जास्त, पण चढावर इंजिन खडखड करत नाही, असं कंपनीचं म्हणणं.

त्या मशीनसाठी नवा माणूस ठेवला, नथूभाऊ. धुळ्याकडच्या खेड्यातला, चाळिशीचा, पांढरी टोपी, कमी बोलणारा. मशीन बसवून जाताना कंपनीच्या साहेबाने बजावलं, "दिवाळीपर्यंत सुपर खपलं नाही, तर मशीन उचलून दुसऱ्या पंपाला देईन."

शेठजी नथूभाऊला म्हणाले, "मशीन गेलं तर तुमचं कामही गेलं. माझा इलाज नाही."

नथूभाऊने नुकतीच एक खोली घेऊन बायकोला आणि दोन पोरींना गावाहून आणलं होतं. तो फडकं घेऊन मशीन पुसायला लागला. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

* * *

पहिल्याच आठवड्यात शाळेचे हेडमास्तर आले. त्यांची जुनी मोटार चढावर टकटक करायची. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही मशीन्स पाहिली आणि विचारलं, "नथूभाऊ, दोन वाक्यांत फरक सांगा."

"साधं टाकं की मोटार कुरकुर करस," नथूभाऊ म्हणाला. "सुपर टाकं की मालक करस."

मास्तरांनी दहात दहा मार्क दिले. पेट्रोल साधं घेतलं!

* * *

आखाजी झाली आणि लग्नं सुरू झाली. एक दिवस भर उन्हात फुलांनी सजवलेली नवरदेवाची मोटार पंपावर आली. मागच्या सीटवर नवरदेव, पुढे त्याचा मामा. मामा आधीच कशावरून तरी रुसलेला. बरोबर मुलीचे वडील होते, जामनेरकडचे नाना, घामाने डबडबलेले.

नाना साध्याच्या मशीनकडे वळले, तसा मामा कडाडला, "माझ्या भाच्याच्या वरातीला साधं पेट्रोल? नको! आम्ही परत चाललो!"

मानपानात आजवर फेटे, नारळ, शालजोड्या पाहिल्या होत्या. पेट्रोल पहिल्यांदाच पाहिलं. नानांनी हात जोडले, सगळ्यांसमक्ष सुपर भरायला लावलं. मामाने मिशीवरून हात फिरवला. नवरदेव जरा मोकळा हसला.

मग नथूभाऊने अदबीने विचारलं, "आते ढकलाले किती मानसं लागतीन?"

कारण मोटारीची बॅटरी कधीच बसली होती. वऱ्हाडी मंडळींनी ती ढकलतच पंपावर आणली होती. त्यांनी ती ढकलतच मांडवापर्यंत नेली, पुढे बँड वाजत होता आणि टाकीत सुपर होतं. मामा मात्र खाली उतरला नाही!

* * *

गावातले एक वकीलसाहेब, त्यांचे सासरे गाडीत असले की खिडकीतून मोठ्याने ओरडायचे, "सुपर भरा!" सासरे नसले की हळूच म्हणायचे, "नेहमीचं."

एकदा सासरे एकटेच ड्रायव्हरला घेऊन आले. म्हातारा हुशार. त्याने नथूभाऊला जवळ बोलावून विचारलं, "खरं सांगा, आमचे जावई कोणतं घेतात?"

खोटं बोलावं तर नथूभाऊच्या स्वभावात नाही, खरं बोलावं तर गिऱ्हाईक जाणार. मी हातातला टायर तसाच धरून ऐकत राहिलो.

"तुम्ही गाडीमा ऱ्हातस तव्हय सुपर!" नथूभाऊ म्हणाला.

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे तो सारखा जावयाच्या गाडीत दिसू लागला. वकीलसाहेबांची तब्येत तेवढी उतरली.

* * *

यावलकडचे एक केळीवाले आबा होते. साध्याशिवाय दुसऱ्या मशीनकडे त्यांनी कधी मान वळवली नाही. पोळ्याच्या दिवशी त्यांची जीप आली ती बोनेटवर झेंडूची माळ, दिव्यांभोवती हिंगूळ, आरशाला गोंडे! आबा उतरून थेट सुपरच्या मशीनपुढे उभे राहिले.

"आज पोया हाये ना! बैलांले पुरनाची पोयी घातली, मंग हिले काय साधं पाजू?"

नथूभाऊच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. त्याने टाकी काठोकाठ भरली आणि विचारलं, "आबा, मग आतेपाइन सुपरच देऊ ना?"

आबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "रोज पोया असतो का रे?"

* * *

असं करत दसरा आला. सुपरची पहिली टाकीसुद्धा पुरती संपली नव्हती. खंडेनवमीला आम्ही अवजारांची पूजा करायचो. मी माझा जॅक आणि पान्हे पुजले. नथूभाऊने दोन्ही मशीन्स धुतली, झेंडू लावला, आणि उत्साहाच्या भरात जमिनीतल्या टाक्यांची दोन्ही लोखंडी झाकणंही लाल रंगवून टाकली. आधी सुपरचं लाल होतं, साध्याचं पिवळं.

दोन दिवसांनी, टाकी तळाला आली म्हणून मागवलेला सुपरचा टँकर आला. ड्रायव्हर घाईत होता. त्याने लाल झाकण बघून पाइप लावला आणि टँकर रिकामा करून गेला.

त्यानंतर गंमत झाली. जो येईल तो साध्याची तारीफ करायचा! अजिंठ्याचा घाट चढून आलेला एक जीपवाला म्हणाला, "बठ्ठा घाट चढना, पन इंजिन गप्प शे! उगाच लोके सुपर घेतस." चार दिवसांत सुपरचा एक थेंब खपला नाही. वकीलसाहेबांनी तर सासऱ्यांच्या देखत साधं घेतलं!

नथूभाऊला शंका आली. त्याने सुपरच्या टाकीत पातळी मोजायची डिपकाठी सोडली. काठी तळाशी बोटभर ओली झाली. मग साध्याच्या टाकीत सोडली, तर ती जवळजवळ वरपर्यंत ओली!

मी म्हटलं, गप्प राहा. तो उठून सरळ शेठजींपुढे गेला. "शेठजी, मनी चूक व्हयनी. दोन्ही झाकनं मीच एक रंगनी करी टाकी. बठ्ठं सुपर साध्यामा गयं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

शेठजी एवढंच म्हणाले, "एक झाकण पिवळं करा. आणि सुपरचा टँकर मागवा, टाकी रिकामी आहे."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साहेब आला. पंपावर कोणाला काय विकलं हे कंपनीला कळत नसे. किती टँकर मागवले तेवढं कळे. त्याने कागद पाहिले, परत पाहिले. आखाजीपासून दसऱ्यापर्यंत एकच टँकर, आणि नंतर पंधरा दिवसांत दोन!

मी दाराशी उभा होतो. नथूभाऊ माझ्यामागे, टोपी हातात घेऊन.

साहेब म्हणाला, "शेठजी, कमाल झाली! धुळ्याला जमत नाही, नाशिकला जमत नाही. तुम्ही अख्खा टँकर सुपर इतक्या लवकर खपवलं कसं?"

शेठजींनी नथूभाऊकडे बोट दाखवलं.

"आमचा हा माणूस आहे ना, तो असं विकतो की घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही!"