हापूसच्या खोलीतला आर्पेजिओ

आमच्या स्टुडिओच्या हार्ड डिस्कवरची जागा संपली, की मी जुनी गाणी उडवतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत. गाणं पूर्ण होवो न होवो, किस्सा होतोच!

स्टुडिओ म्हणजे काय, तर मिठबावला आमच्या घराशेजारची आंब्याच्या पेट्या ठेवायची खोली. तिथे कॉम्प्युटर मी सांभाळतो आणि सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, वाजवतो माझा मित्र प्रसाद. त्याचा जीव आर्पेजिओत. म्हणजे तीन-चार पट्ट्या एकत्र दाबायच्या आणि सिंथ त्यातले सूर ओळीने, एकामागून एक, फिरून फिरून वाजवत राहतो. झऱ्यासारखं काहीतरी वाहतंय असं वाटतं. म्हणजे, आम्हाला तरी वाटतं.

शेजारच्या शांताकाकींना तसं वाटलं नाही. एकदा सकाळभर आम्ही एकच आर्पेजिओ फिरवत आवाज लावत बसलो होतो. काकी मासळी विकून परतल्या, रिकामी टोपली घेऊन थेट दारात.

"रे, तुमची कॅसेट अडाकली काय? सकाळपासून ताच ता!"

"काकी, ही सुरवात आसा. गाणा मागसून येतला," प्रसाद म्हणाला.

काकी मान डोलावून गेल्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरूनच हाक आली, "गाणा इला काय रे?"

आता रोज विचारतात. बाजारात भेटल्या तरी विचारतात. आणि बऱ्याचदा खरंच आलेलं नसतं हो!

मग ते घड्याळाचं. सिंथ आणि सॉफ्टवेअर यांची लय जुळेना; ती जुळवणाऱ्या सेटिंगला म्हणतात 'क्लॉक'. सुरुवात बरोबर व्हायची, पण थोड्या वेळाने आर्पेजिओ पुढे आणि कॉम्प्युटरवरची ढोलकी मागे. मुंबईच्या एका साउंड इंजिनीअरला विचारून ठेवलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा मी टेबलाखाली वायरी सोडवत होतो आणि प्रसादच्या दोन्ही हातांत स्पीकर. फोन बाबांनी घेतला.

पलीकडून प्रश्न आला, "काका, क्लॉक कुठलं लावलंय? आतलं की बाहेरचं?"

बाबांनी नीट वर बघितलं आणि ऑफिसातल्यासारख्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "आतलंच आहे. भिंतीवर. पण जरा पुढे पळतं."

"बरोबर! तोच तर प्रॉब्लेम आहे!"

बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "माणूस हुशार आसा. मुंबैत बसान वळाखल्यान!"

लाइटचा किस्सा तर मी प्रसादसमोर सांगत नाही. म्हणजे सांगतो, पण तो उठून जातो. एका दुपारी तो डोळे मिटून वाजवत होता. असा वाजवत होता, की माझ्या अंगावर काटा आला. आणि लाइट गेली! कॉम्प्युटर बंद, रेकॉर्डिंग बंद. पण त्याचा सिंथ छोटा, बॅटरीवर चालणारा, स्वतःचा स्पीकर असलेला. प्रसादला पत्ताच नाही. थांबवायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी त्याने डोळे उघडले. कपाळावरून धारा.

"बघ, किती जीव लावन वाजवलंय! घाम फुटलो माका!"

म्हटलं, "प्रसाद, फॅन बंद आसा रे."

रूपाली आमच्याकडे आली ती शाळेच्या स्वागतगीतासाठी. तळेऱ्याकडच्या एका शाळेत ती संगीत शिकवते. आमच्याशी बोलायची ते अगदी पुस्तकी. "आपण सुरुवात करूया का?" वगैरे. प्रसाद तिच्यासमोर नुसता सिंथ पुसत बसायचा. ती खोलीत मधोमध लावलेल्या काचेपलीकडे माइकसमोर उभी राहिली, कानाला हेडफोन लावले, आर्पेजिओ सुरू झाला आणि ती पहिल्या झटक्यात सुंदर गायली. संपल्यावर जराशी हसली.

प्रसाद माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "गाता बरा. पण हसता त्याच्यापेक्षा बरा!"

तिच्याशी बोलायच्या माइकचं बटण माझ्याकडून दाबलेलंच राहिलं होतं.

काचेपलीकडून आवाज आला, "माका सगळा आयकाक येता हां!"

एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच मालवणीत बोलली. प्रसाद टेबलाखाली वायरी बघायला गेला. तिथे काहीही बिघडलेलं नव्हतं!

पुढे दोघांचं जमलं. अडलं ते रूपालीच्या वडिलांपाशी. ते भजनीबुवा. उभा जन्म हार्मोनियमवर गेलेला. "मशीन वाजवणाऱ्याक माझा चेडू देवचंय नाय," असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. रूपालीने भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "एकदा आयका तरी." तेव्हा कुठे एका दुपारी बुवा बायको-मुलीला घेऊन 'स्टुडिओ बघायला' आले.

चहा झाला. बुवा भिंतीकडे बघत बसलेले. रूपाली ओढणीचं टोक पिळत होती. प्रसाद सिंथसमोर बसला. त्याने एकदा रूपालीकडे बघितलं, पट्ट्या दाबल्या आणि आर्पेजिओ सुरू झाला. बुवा ऐकू लागले. हळूहळू त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला. प्रसादला तेवढा धीर पुरला. त्याने होल्डचं बटण दाबलं, हात मागे घेतले आणि सूर तसेच वाजत राहिले.

बुवांचा ताल थांबला. ते उठले, चष्मा सावरून सिंथवर वाकले. पट्ट्यांवर कोणाचंच बोट नाही. एकदा प्रसादच्या हातांकडे बघितलं, एकदा सिंथकडे, आणि मग रूपालीकडे वळून वैतागून म्हणाले,

"बोटां उचलली तरी वाजताच हा! मगे आमचो जावय करता तरी काय?"