कागदाच्या पाठीवरचे वळ

रेवतीने निबंधाचा कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवला. लाल पेन मी इतकं दाबून चालवलं होतं की मागच्या कोऱ्या बाजूवर वळ उठले होते. बोट फिरवलं तर हाताला लागत होते.

कॉलेजच्या लेखनवर्गात पहिल्याच दिवशी मी नियम सांगते. लेखी भाषा प्रमाणच हवी, बोलीतल्या एकेका अनुस्वाराला अर्धा मार्क कापणार. चर्चेत तोंड उघडलं नाही, तर तिथे शून्य. कापणं, खोडणं, फाडून काढणं. आम्हा शिक्षकांच्या तोंडचे शब्द खाटकाच्या दुकानात सहज खपतील, आणि ते उच्चारताना मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटतं.

कागद सरळ केला. 'बाबांनी आईला पट्ट्याने मारलं. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं.' मारलं, तिचं, डोकं, आपटलं. चार अनुस्वार, दोन मार्क. चारही शब्दांना मी पेनाने भोसकलं होतं आणि वर 'मारले', 'तिचे', 'डोके', 'आपटले' असं लिहिलं होतं. खाली शेरा होता, 'चर्चेत सहभाग शून्य'. ही वाक्यं मी वाचलीच नव्हती, नुसती तपासली होती.

वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली रेवती आज पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी शांत होता.

"मॅडम, 'बाबांनी आईला मारले' असं लिहिलं, की बरोबर होईल ना?"

माझ्या नियमाप्रमाणे उत्तर 'हो' होतं.